चेंडू घराघरात, खेळ मात्र नाही

आमच्या धानोऱ्यात टेनिसचा चेंडू नाही असं घर शोधावं लागेल. पलंगाखाली, पाण्याच्या पिंपामागे, पत्र्यावर, कुठे ना कुठे तो पडलेला असतोच. त्याची पिवळी लव झडून गेलेली असते, कधी तो अर्धा चिरलेलाही असतो. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी जाळीच्या पिशवीत तो टांगलेला असतो. पण टेनिस कसं खेळतात हे गावातल्या दहा जणांना विचारा, नऊ जण हसतील आणि दहावा टीव्हीकडे बोट दाखवील. आपल्याकडे हा चेंडू आला तो क्रिकेटसाठी. त्याच्यावर ज्या खेळाचं नाव आहे तो खेळ मात्र सुरत-भुसावळ गाडीतून आपल्या स्टेशनावर उतरायचाच राहून गेला, असं मला नेहमी वाटतं.

मागच्या हिवाळ्यात खेळाच्या तासाला मी मैदानावर उभी होते. मुलं क्रिकेट खेळत होती आणि आठवीच्या मुली ओट्यावर बसल्या होत्या. मी एकीला विचारलं, "तुम्ही का नाही खेळत?" ती म्हणाली, "खेळतो ना टीचर. चेंडू इकडे आला की आम्ही उचलून देतो."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जे रोज घडतं तेच तिने सांगितलं, आणि म्हणूनच ते माझ्या मनातून जाईना. मैदान एकच, त्यावर बावीस मुलं, आणि मुलींच्या वाट्याला चेंडू उचलून देणं. मुलांना हटवून मुलींना अर्धं मैदान द्यावं हे सांगायला सोपं आहे. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना विचारा ते किती दिवस टिकतं. मी दुसरी वाट धरली. खिचडीच्या शेडमागे कुंपणभिंतीपर्यंत एक मोकळा पट्टा होता, तिथे तुटलेले बाक आणि गवत होतं. पावलांनी मोजला तर लांबी पंधरा-सोळा पावलं आणि रुंदी आठ-नऊ. क्रिकेटला तो पुरणार नव्हता, म्हणून त्याच्यावर कोणाचा डोळाही नव्हता. माझ्या बी.एड.च्या वर्षात एका मैत्रिणीच्या हट्टापायी मी चार महिने टेनिस शिकले होते. तेवढ्याशा शिदोरीवर म्हटलं, करून बघू.

या महिन्याच्या सदरात तेच सांगते. हा खेळ घरच्या अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा शाळेच्या मागच्या पट्ट्यात कसा सुरू करायचा, एवढंच.

आधी खऱ्या कोर्टाचं माप. लांबी २३.७७ मीटर, एकेरीसाठी रुंदी ८.२३ मीटर आणि दुहेरीसाठी १०.९७ मीटर. मध्ये जाळी, ती कडेच्या खांबांशी १.०७ मीटर उंच आणि मधोमध ९१.४ सेंटिमीटर. ही मापं वाचून घाबरू नका. जगभर लहान मुलांना या कोर्टावर उभंच करत नाहीत. त्यांच्यासाठी लाल चेंडू असतो, तो नेहमीच्या चेंडूपेक्षा बराच मऊ आणि संथ, आणि त्याचं कोर्ट असतं साधारण ११ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद. जाळी ८० सेंटिमीटर. त्यानंतर नारिंगी चेंडू आणि १८ मीटरचं कोर्ट, मग हिरव्या ठिपक्याचा चेंडू आणि पूर्ण कोर्ट. म्हणजे आमचा शेडमागचा पट्टा लाल चेंडूच्या कोर्टाला बरोबर बसत होता. तुमच्याही गल्लीत अशी जागा नक्की असेल.

जमीन तयार करायला एक रविवार लागला. गवत काढलं, मुरूम पसरून पाणी मारलं आणि शेजारून आणलेला सिमेंटचा रोलर फिरवला. नंतर आमच्या शाळेतल्या मावशींनी सुचवलं की शेणाने सारवा, धूळ उडणार नाही. मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. त्यांना मी सानिया मिर्झाचं सांगितलं. सानिया मुंबईत १९८६ साली जन्मली, हैदराबादेत वाढली आणि सहा वर्षांची असताना टेनिस शिकू लागली. सुरुवातीला आपण शेणाने सारवलेल्या कोर्टावर खेळलो हे तिने स्वतः सांगितलं आहे. दक्षिणेत अशी कोर्टं पुष्कळ होती. त्या सारवलेल्या जमिनीवरून निघालेली मुलगी एप्रिल २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. हे ऐकल्यावर सारवायला बादल्या कमी पडल्या.

रेषा फक्कीने मारल्या. जाळीसाठी दोन बांबू रोवून दोरी बांधली, पण नुसत्या दोरीवर वाद होतो की चेंडू वरून गेला की खालून. म्हणून दोरीवर बारदान टाकलं. आमच्या नंदुरबारकडे बारदान म्हणजे मिरचीचं. पहिल्या दिवशी चेंडू जाळीला लागला की दोन्ही बाजूंच्या मुली शिंकत बसायच्या. दुसऱ्या दिवशी बारदान धुऊन वाळवून आणलं. तुम्ही जुनी ओढणी किंवा चादर लावलीत तरी चालेल.

आता रॅकेट. इथे एक चूक बहुतेक घरांत होते, आम्हीही केली. घरात बॅडमिंटनचं रॅकेट असतं, त्यानेच टेनिसचा चेंडू मारायला जातात. ते रॅकेट शंभर ग्रॅमचंही नसतं आणि चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा. चार फटक्यांत तारा तुटतात, कधी दांडाच वाकतो. टेनिसचं रॅकेट मोठ्यांसाठी २७ इंच लांब आणि साधारण पाव किलोच्या वर वजनाचं असतं. मुलांसाठी १७ इंचांपासून २६ इंचांपर्यंत मापं मिळतात. घेताना सोपी परीक्षा अशी: मुलीने सरळ उभं राहून हात खाली सोडून रॅकेट धरावं, त्याचं टोक जमिनीला टेकायला नको. "पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठं घेऊ नका. ईदचे कपडे आपण एक माप मोठे शिवतो, रॅकेटला तो हिशेब लावला तर मनगट दुखतं.

आमच्याकडे पैसे नव्हते तेव्हा सुताराकडून प्लायवूडच्या सहा फळ्या कापून घेतल्या, हाताएवढ्या दांड्याच्या, कडा घासलेल्या. एका मुलीने तर घरून कपडे धुण्याचं धोपटणं आणलं. हसू नका, लाल चेंडूसाठी ते उत्तम काम करतं. खरं रॅकेट आमच्याकडे आजही दोनच आहेत, जुनी, एका ओळखीच्या कुटुंबाने दिलेली.

चेंडूबद्दल दोन शब्द. किराणा दुकानातला क्रिकेटचा "हेवी" टेनिस बॉल घेऊ नका, तो जड असतो आणि नवख्या हाताला झटका देतो. "लाइट" म्हणून मिळतो तो घ्या, आणि नवा घेण्यापेक्षा मुलांनी खेळून नरम केलेला घ्या. स्पर्धेचे चेंडू हवाबंद डब्यात येतात, कारण त्यांच्या आत हवेचा दाब भरलेला असतो. डबा उघडला की काही दिवसांत तो दाब उतरतो आणि मोठे खेळाडू ते टाकून देतात. तेच टाकलेले, उसळी कमी झालेले चेंडू शिकणाऱ्यांना सोन्यासारखे. शहरात कुणी नातेवाईक क्लबजवळ राहत असेल तर त्यांना सांगून ठेवा.

हा खेळ मूळचा रॅकेटचा नव्हताच. फ्रान्समध्ये तो तळहाताने खेळत, त्याचं फ्रेंच नावच "तळहाताचा खेळ" असं आहे. आणि "रॅकेट" हा शब्द अरबी "राहत", म्हणजे तळहात, यावरून आला असं काही कोशकार मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही. पण उर्दूच्या तासाला मी हे सांगितलं तेव्हा मुलींना फार मजा वाटली, कारण आपल्या उर्दूत राहत म्हणजे आराम! आज आपण खेळतो तो लॉन टेनिसचा प्रकार १८७४ मध्ये इंग्लंडात मेजर विंगफिल्ड यांनी पेटंट घेऊन बाजारात आणला आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली.

धरायचं कसं? समोरच्या माणसाशी मुसाफा करता तसा हात रॅकेटच्या मुठीशी करा. रॅकेटची चपटी बाजू भिंतीसारखी उभी आणि तुमचा तळहात त्याच बाजूला समांतर. ही फोरहँडची पकड. मूठ आवळून धरायची नाही, चिमणी हातात धरल्यासारखी धरा, उडूनही जाऊ नये आणि गुदमरूही नये. फटका मारायच्या क्षणी ती आपोआप घट्ट होते. उलट्या बाजूचा म्हणजे बॅकहँडचा फटका सुरुवातीला दोन्ही हातांनीच मारा. उजव्या हाताच्या वर डावा हात, दोन्ही मुठी एकमेकींना चिकटून. मुलींना आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्या बायकांना दोन हातांचा बॅकहँड लवकर जमतो.

मग पाय. टेनिस हाताने खेळतात असं वाटतं, पण निम्मा खेळ पायांचा. गुडघे थोडे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या, रॅकेट पोटासमोर. समोरची मुलगी चेंडू मारणार त्याच क्षणी जागच्या जागी एक बारीकशी उडी घ्यायची, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे निघायला पाय मोकळे होतात. चेंडू आपल्याकडे येताना खांदा वळवून अंग आडवं करायचं. आणि चेंडू शरीराच्या बाजूला नव्हे, थोडा पुढे असताना त्याला भेटायचं. नवखा माणूस नेहमी चेंडू अंगावर येऊ देतो आणि मग कोपर आखडून ढकलतो. आमच्याकडे यावर एक उपाय लागू पडला. चेंडूचा टप्पा पडला की मोठ्याने म्हणायचं "गिरा", आणि फटक्याच्या वेळी "मारा". गिरा, मारा, गिरा, मारा. या दोन शब्दांत मुलींची नजर चेंडूवर राहिली आणि घाईसुद्धा गेली. शेडमधून खिचडीवाल्या मावशी विचारायच्या, कोण कोणाला मारतंय?

फटका कमरेच्या उंचीवर, खालून वर जाणारा असावा. फळी चेंडूच्या खालून निघून समोरच्या खांद्यापर्यंत जायला हवी. जोर लावू नका. पहिला महिनाभर एकच ध्येय ठेवा, चेंडू जाळीवरून दहा वेळा सलग इकडून तिकडे जावा. आमचा पहिल्या आठवड्याचा विक्रम तीन होता. जोडीदार नसेल तेव्हा भिंत. भिंतीवर जाळीच्या उंचीची खडूची रेघ ओढायची आणि तिच्या वर मारत राहायचं. भिंत कधी कंटाळत नाही, चुका काढत नाही आणि तुमच्या घरी येऊन कोणाला काही सांगत नाही.

नियम थोडक्यात. चेंडू आपल्या बाजूला एकदाच टप्पा घेऊ शकतो, दुसऱ्या टप्प्याआधी परत गेला पाहिजे. टप्पा न पडू देता हवेतच मारला तरी चालतो, त्याला व्हॉली म्हणतात. रेषेवर पडलेला चेंडू आत धरतात. खेळ चालू असताना अंग किंवा रॅकेट जाळीला लागलं तर गुण गेला. सर्व्हिस मागच्या रेषेबाहेर उभं राहून तिरपी करायची, उजवीकडून मारली तर समोरच्याच्या उजव्या चौकोनात, मग डावीकडून. पहिली चुकली तर दुसरी संधी, दोन्ही चुकल्या तर गुण समोरच्याला. चेंडू जाळीला चाटून योग्य चौकोनात पडला तर ती सर्व्हिस पुन्हा. टीव्हीवर सगळे डोक्यावरून सर्व्हिस करताना दिसतात, पण खालून हलकेच मारलेली सर्व्हिसही नियमात बसते, फक्त चेंडू जमिनीवर पडण्याआधी मारायला हवा. नवख्यांनी तशीच करावी.

गुणांचं गणित मात्र मुलींनी मान्य करायला वेळ घेतला. पहिला गुण १५, दुसरा ३०, तिसरा ४०. "टीचर, ४५ का नाही?" पूर्वी घड्याळाच्या तबकडीवर काटा पाव-पाव सरकवून गुण मोजत आणि पुढे पंचेचाळीसचं चाळीस झालं, असा एक किस्सा सांगतात. पुरावा कच्चाच आहे. शून्याला "लव्ह" म्हणतात, त्याचा संबंध कोणी अंड्याच्या फ्रेंच नावाशी लावतात, तोही तसाच. मुद्दा एवढा: ४० नंतरचा गुण मिळाला की गेम जिंकला. दोघी ४०-४० वर आल्या तर ड्यूस, तिथून सलग दोन गुण घ्यावे लागतात. सहा गेमचा एक सेट, पण दोन गेमचा फरक हवा. ६-६ झालं तर टायब्रेक, त्यात १, २, ३ असे साधे गुण आणि जी आधी सात गाठेल, पण दोनच्या फरकाने, तिचा सेट.

यावरून आमच्याकडे एक भांडणही झालं. रविवारी शेजारच्या मराठी शाळेतल्या चार-पाच मुलीही येऊ लागल्या. सर्व्हिस करणारीचा गुण आधी सांगायचा असा नियम आहे. आमच्या उर्दूच्या मुली भिंतीवर गुण लिहीत उजवीकडून डावीकडे, आणि त्या मराठीच्या मुली वाचत डावीकडून उजवीकडे. हरणारी जिंकलेली आणि जिंकणारी हरलेली! दोन रविवार हा घोळ चालला, मग नावांची आद्याक्षरं लिहून त्याखाली गुण लिहायचं ठरलं.

दोन महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी एका मुलीचे चाचा शाळेत आले. हीच ती, चेंडू उचलून देतो म्हणालेली. हाताने चपळ, डोळा पक्का, सलग चाळीस फटके तिने एकटीने भिंतीवर काढले होते. चाचा आदबीने बोलले. "टीचर, लडकी बडी हो गई. आता हे उड्या मारणं, तेही मैदानावर." मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "चाचा, तुमची हरकत कशाला आहे ते नीट सांगा. कपड्यांना, जागेला, की वेळेला?" असं विचारल्यावर माणूस विचार करतो. ते म्हणाले, तिन्हीला थोडी थोडी.

कपड्यांचं मी त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण पुष्कळ घरांतून हाच प्रश्न येतो. टेनिस म्हणजे आखूड स्कर्ट असं चित्र डोक्यात बसलं आहे. खेळाच्या मूळ नियमांत पोशाखाचं बंधन नाही, ते स्पर्धा घेणारे ठरवतात. महिलांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेनेही २०१९ च्या मोसमापासून स्कर्टशिवाय नुसते लांब लेगिंग्ज घालून खेळता येईल हे स्पष्ट केलं आहे. गावातल्या शेडमागे तर सलवार-कमीज आणि मागे बांधलेली ओढणी, एवढं पुरे. ओढणीची टोकं मोकळी नकोत, ती पायात किंवा रॅकेटमध्ये अडकतात. पायात पळण्याचे उंच टाचेचे बूट नकोत, बाजूला वळताना घोटा मुरगळतो. शाळेचे सपाट तळव्याचे कापडी बूट चांगले.

जागा त्यांनी येऊन पाहावी असं मी म्हटलं. आणि वेळ आम्ही बदलली. शाळा सुटल्यावर असरनंतर तासभर, मगरिबच्या आधी घरी. उन्हाळ्यात खानदेशात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा फजरनंतरचा तास.

चाचा आले नाहीत. चार दिवसांनी मुलीची अम्मी आली, कडेवर लहान मुलगा घेऊन. मी म्हटलं, "भाभी, बसा." ती बसली नाही, भिंतीला टेकून बघत राहिली. एक चेंडू तिच्या पायाशी आला. मुलाला मुलीकडे देऊन तिने ओट्यावरचं धोपटणं उचललं आणि असा एक फटका मारला की चेंडू कुंपणापलीकडे कापसात. सगळ्या मुली ओरडल्या. ती लाजली आणि म्हणाली, "रोज चादरी धोपटते, हात आहे माझा." मग तिने स्वतःच विचारलं, मोठ्या बायकांनी खेळलं तर चालतं का?

चालतं. ट्युनिशियाची ओन्स जाबेर तीन वर्षांची असताना तिच्या आईनेच तिला टेनिस दाखवलं. आई स्वतः हौसेने खेळायची. ती मुलगी २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षं विम्बल्डनच्या अंतिम सामन्यापर्यंत गेली, तिच्या देशात तिला लाडाने "खुशीची मंत्री" म्हणतात. सानियाने मूल झाल्यावर पुन्हा रॅकेट हातात घेतलं आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला दुहेरीची स्पर्धा जिंकली. आपला रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. माझ्या वयाच्या बायकांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपल्या महाराष्ट्रातही जुनी उदाहरणं आहेत. पुण्यात जन्मलेल्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव स्वतः टेनिस खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकला, असं करणारी ती पहिली भारतीय महिला. आणि श्रीरामपूरची ऋतुजा भोसले हिने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक आणलं. श्रीरामपूर काही मुंबई-पुणे नव्हे, आपल्यासारखंच तालुक्याचं गाव.

"हा आपला खेळ नाही" असं म्हणणाऱ्यांना मी अजून दोन नावं सांगते. १९२१ मध्ये भारत डेव्हिस चषकात पहिल्यांदा उतरला आणि पॅरिसमध्ये फ्रान्सला हरवलं, त्या संघात लाहोरचे मोहम्मद सलीम होते. मलिहाबादचे गौस मोहम्मद १९३९ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचणारे पहिले भारतीय ठरले, आणि तिथे ते बॉबी रिग्जकडून हरले, जो त्या वर्षीचा विजेता होता. मलिहाबाद आपल्याला आंब्यांमुळे माहीत असतं.

दुखण्याबद्दलही सांगायला हवं. माझ्या नणंदेला टेनिस एल्बो झाला. तिने आयुष्यात रॅकेट धरलेलं नाही. कपडे पिळून, कणीक मळून कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू दुखावतात, त्यालाच हे नाव आहे, आणि ते खेळाडूंपेक्षा इतर लोकांनाच जास्त होतं. खेळताना मनगटाने झटके मारले, मूठ फार आवळली किंवा जड चेंडू वापरला तर खेळणाऱ्यांनाही होतं. खेळण्याआधी पाच मिनिटं हात-खांदे फिरवा, दुखलं तर त्या दिवशी थांबा. ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून सुरू करावं, आणि पहिला महिना लहान कोर्टावर दुहेरीच खेळावी. चार जणी असल्या की धाव कमी लागते आणि गप्पाही होतात.

पुढे जायचं असेल तर वाट आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत लॉन टेनिस असतं, त्याची चौकशी शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे किंवा नंदुरबारला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करावी. मोठी स्पर्धा एकदा डोळ्यांनी बघावीशी वाटली तर पुण्याला बालेवाडीचं संकुल आहे, तिथे २०१८ पासून काही वर्षं जगातले नामवंत खेळाडू येऊन खेळून गेले.

आमचं म्हणाल तर त्या मुलीचं येणं आता रोजचं नाही. अम्मीला शेतात मिरची तोडायला जावं लागतं, मग धाकट्याला सांभाळायची पाळी तिची. आठवड्यातून दोनदा येते, कधी त्याला घेऊनच. तो बारदानाखाली बसून चेंडू पकडतो आणि परत द्यायला तयार नसतो. मागच्या गुरुवारी तिने मराठी शाळेच्या मुलीविरुद्ध पूर्ण सेट खेळला आणि टायब्रेकमध्ये ७-५ असा हरली. घरी जाताना फळी मागून घेऊन गेली, म्हणाली, आमच्या न्हाणीघराची भिंत मोकळी आहे. चाचांना तिने विचारलं की नाही ते मी विचारलं नाही.

मुलांच्या क्रिकेटचा चेंडू अजूनही अधूनमधून शेडमागे येतो. आता मुली तो फळीने परत मारतात, आणि बऱ्याचदा तो मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. मुलांची तक्रार आली आहे.